गोमयगोलमीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगून टाकाव्यात, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे: विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध. या प्रबंधाचा विषय शेणाचा गोळा. प्रयोजन, तो गोळा लोटणारा किडा सरळ रेषेत का जातो याचा कायमचा निर्णय लावणे. अधिकारी म्हणाल, तर आयुष्यात निदान एकदा गोठ्यात अनवाणी पाऊल टाकून 'अरेरे' म्हटलेला कोणीही वाचक. आणि या तिघांचा परस्परसंबंध काय, हे वाचकाला शेवटपर्यंत कळले नाही तरी चालेल; पुष्कळ मान्यवर ग्रंथांत ते कळत नाही.

प्रथम पदार्थनिर्णय. गाईम्हशींचे शेण, घोड्याहत्तींची लीद, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, हे तिन्ही पदार्थ शेणकिड्याला मान्य आहेत. चौथ्या, म्हणजे मानवनिर्मित पदार्थाचा उल्लेख सभ्य प्रबंधात करत नाहीत. पण रानात शेणकिडे पकडण्यासाठी जमिनीत जे खळग्याचे सापळे लावतात, त्यांत आमिष म्हणून तोच सर्रास वापरला जातो, कारण त्याचा दरवळ किड्यांना फार भावतो. संशोधक हे आमिष रोजच्या रोज कोठून पैदा करतात, हा प्रश्न अधिकारी वाचकाने विचारू नये.

आता कर्तृनिर्णय. जगात शेणकिड्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती आहेत आणि शेणाशी वागण्याच्या रीतीवरून त्यांचे तीन संप्रदाय पडतात. पहिला संप्रदाय ठाण मांडणाऱ्यांचा: शेणाचा पो पडला की त्यातच घर, त्यातच जेवण, त्यातच बाळंतपण. दुसरा पुरणाऱ्यांचा: हे पोच्या थेट खाली बोगदा खणतात आणि माल तळघरात उतरवतात. तिसरा लोटणाऱ्यांचा: हे शेणाचा गोळा वळतात आणि डोके खाली, मागचे पाय गोळ्यावर, अशा अवस्थेत उलटे चालत तो लांब घेऊन जातात. चित्रांत आणि माहितीपटांत मिरवतो तो हा तिसरा संप्रदाय. बहुसंख्येने मात्र पुरणारे जास्त आहेत. प्रसिद्धी आणि संख्या यांचे प्रमाण व्यस्त असल्याचा हा एक नमुना.

लोटणाऱ्यांविषयी आमचे सूत्र असे: 'चौर्यभयाज्ज्योतिषम्'. म्हणजे चोरीच्या भयातून ज्योतिर्विद्या उपजते. हे सूत्र कोणत्या प्राचीन ग्रंथातले, असे कोणी विचारील. ते आम्हीच रचले आहे, म्हणून त्याच्या पाठाबद्दल वाद संभवत नाही.

पण सिद्धांताआधी पूर्वपक्ष मांडणे हे शिष्टाचाराला धरून होईल. पहिला पूर्वपक्ष सहकारवाद्यांचा. एक गोळा आणि त्याला झोंबलेले दोन किडे पाहून जुन्या निसर्गवेत्त्यांना गहिवरून येत असे. गोळा खड्ड्यात अडकला की मालक जाऊन शेजाऱ्याला बोलावून आणतो आणि दोघे मिळून तो वर काढतात, अशी त्यांची समजूत होती. दक्षिण फ्रान्समध्ये राहणारे झाँ आंरी फाब्र यांनी या समजुतीची तपासणी केली. १८७९ ते १९०७ या काळात त्यांनी कीटकांवर दहा खंड लिहिले आणि त्यांतल्या पहिल्याच खंडात शेणकिड्याला मानाचे पान दिले. फाब्र यांनी गोळा टाचणीने जमिनीशी ठोकून टाकला आणि मालक मदत आणायला जातो का ते पाहत बसले. मालक कोठेही गेला नाही. जे दुसरे किडे जवळ आले, ते मदतीला आलेले नव्हते.

फाब्र यांनी रंगवलेला प्रसंग मुळातून वाचण्यासारखा आहे. पाहुणा येतो, गोळ्याला हात लावल्यासारखे करतो, मग गोळ्याला चिकटून आरामात बसतो आणि मालकाला स्वतःसकट ओढू देतो. योग्य जागा आली की मालक बीळ खणायला जमिनीत शिरतो, आणि तो दिसेनासा झाला की पाहुणा गोळा घेऊन चालू लागतो. मालकाने गाठलेच, तर हा लगेच पवित्रा बदलतो: गोळा उतारावरून घरंगळत होता, मी तर तो अडवत होतो! सहकारी चळवळीच्या प्रदेशात राहणाऱ्या वाचकाला यात धक्का बसण्यासारखे काही नाही. धक्का बसला तो फ्रान्सच्या वाचकांना. न्यायाची बाजू म्हणून नोंदवले पाहिजे की सिसिफस वंशातली जोडपी मात्र गोळा खरोखरच मिळून नेतात, मादी पुढून ओढते आणि नर मागून लोटतो. या वंशाच्या जाती भारतातही आहेत. गोळा चढवता चढवता जन्म गेलेल्या ग्रीक राजाचे नाव त्यांना मिळाले, पण त्या राजाला बायकोने हात दिल्याची नोंद नाही.

दुसरा पूर्वपक्ष इजिप्शियनांचा. सकाळच्या सूर्याचा देव खेप्री हा त्यांच्या मते शेणकिड्याच्या रूपातला. किडा शेणाचा गोळा लोटतो, तसा तो सूर्याचा गोळा आकाशातून लोटतो. हजारो वर्षे त्यांनी दगडाचे आणि मातीचे शेणकिडे घडवले, गळ्यात घातले, अंगठीत बसवले, प्रेतांबरोबर पुरले. ग्रीकांनीही हा धागा सोडला नाही. इसवी सनापूर्वी ४२१ मध्ये अथेन्सला ॲरिस्टोफनीसचे 'शांती' हे नाटक झाले, त्याचा नायक शेण खाऊ घालून पोसलेल्या प्रचंड शेणकिड्यावर स्वार होऊन थेट देवांच्या दारी जातो. तेव्हा शेणकिडा आणि आकाश यांचा काही संबंध आहे, हे पूर्वसूरींनी ओळखले होते. त्यांची चूक झाली ती फक्त दिशेची. किडा सूर्याला चालवत नाही. सूर्य किड्याला चालवतो.

तिसरा पूर्वपक्ष घरचाच, कीर्तनकारांचा. विष्ठेतला किडा विष्ठेतच सुख मानतो, त्याला फुलाचा वास सोसत नाही, असा दृष्टांत देऊन ते विषयासक्त श्रोत्यांना फटकारतात. दृष्टांत म्हणून तो ठीक आहे, पण शास्त्र म्हणून दोन ठिकाणी कच्चा आहे. एक, मोठा झालेला शेणकिडा शेण चावून खातच नाही. त्याचे जबडे मऊ, पडद्यासारखे असतात. तो ओल्या शेणाचा रस गाळून त्यातले अतिसूक्ष्म कण आणि जंतू तेवढे पोटात घेतो. चोथा चघळणारे कठीण जबडे असतात ते त्याच्या अळीला. दोन, विष्ठेत मान खुपसून बसल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो प्राणी रात्री आकाशगंगा पाहत असतो. तिन्ही पूर्वपक्ष येथे संपले. आता सिद्धांताची सिद्धी.

चोरीचे भय खरे आहे काय, हे आधी पाहू. केनियाच्या त्सावोमध्ये केलेली आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेली एक नोंद आहे. हत्तीच्या दीड किलो लिदीवर सोळा हजार शेणकिडे आले आणि दोन तासांत ती लीद खाऊन, पुरून, लोटून नाहीशी झाली. दीड किलोला सोळा हजारांनी भागले तर दरडोई वाटा एका ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी पडतो. इतकी भूक एका जागी जमल्यावर तेथे बसून जेवणे शहाणपणाचे नाही. पुरणाऱ्यांनी खालची वाट धरली, लोटणाऱ्यांनी बाहेरची. गोळा वळणे हे कलाकौशल्य नव्हे; पळवून नेता येईल असा तो शेणाचा एकमेव आकार आहे.

पण नुसते पळून भागत नाही. गोळा लोटणाऱ्याला ठरलेले घर नसते, बिऱ्हाड नसते, पोहोचण्याचे ठिकाण नसते. त्याला जायचे असते ते फक्त 'इथून'. 'इथून' दूर जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग सरळ रेषा, हे भूमितीत ज्यांना गुण पडले नाहीत त्यांनाही मान्य व्हावे. वाट वाकली तर वर्तुळ होते, आणि वर्तुळाचा दुसरा फेरा पुन्हा त्याच गर्दीत आणून सोडतो. तेव्हा डोके जमिनीला, पाय आभाळाला, तोंड भलतीकडे अशा स्थितीत सरळ रेषा आखण्याचा प्रश्न या किड्यापुढे उभा राहिला, आणि त्याने वर पाहून तो सोडवला.

गोळा तयार झाला की किडा त्यावर चढतो आणि स्वतःभोवती गिरकी घेतो. पाहणाऱ्याला हा आनंदाचा नाच वाटतो. प्रत्यक्षात ती आकाशाची मोजणी असते. सूर्य कोठे, प्रकाशाचे ध्रुवीकरण कसे, हे एकदा टिपून घेतले की तो खाली उतरून निघतो. वाटेत अडखळला, गोळा निसटला, की पुन्हा वर चढून नाचतो. दिवसा चालणाऱ्या किड्यापासून खरा सूर्य फळीने झाकला आणि आरशाने दुसऱ्या बाजूला खोटा सूर्य दाखवला, तर तो आज्ञाधारकपणे वळतो. रात्री चालणाऱ्यांची कथा याहून बहारीची. स्वीडनमधल्या मारी डाके आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की आफ्रिकेतली एक जात चंद्राच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण वाचून चालते. मग साहजिक शंका आली, की अमावस्येला काय?

अमावस्येचा निकाल २०१३ मध्ये लागला. डाके आणि दक्षिण आफ्रिकेचे मार्कस बर्न यांच्या गटाने स्कॅराबियस सॅटिरस या जातीच्या काही किड्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या, म्हणजे त्यांना वरचे दिसू नये. काहींना पारदर्शक टोप्या घातल्या, कारण वाट चुकली तर ती डोळ्यांच्या अंधाराने की टोपीच्या ओझ्याने, असा आक्षेप कोणी घेऊ नये. पारदर्शक टोपीवाले सरळ गेले, पुठ्ठ्याच्या टोपीवाले भरकटले. त्यानंतर हे किडे जोहान्सबर्गच्या तारांगणात नेण्यात आले. तेथे सगळे तारे दाखवले तेव्हा, आणि सगळे विझवून नुसता आकाशगंगेचा पट्टा ठेवला तेव्हाही, ते सारख्याच सफाईने चालले. आकाशगंगेच्या आधाराने दिशा धरणारा प्राणी शास्त्राला प्रथम सापडला तो हा. त्याच वर्षी या शोधाला इग नोबेल पारितोषिक मिळाले. ते जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र या दोन शाखांचे मिळून एक होते; शेण हा विषय दोन शाखांना एकत्र आणू शकतो, याची ही अधिकृत पावती समजावी.

अवांतर, पण टोपीचे सांगितले आणि बुटांचे सांगितले नाही तर पोशाख अपुरा राहील. याच मंडळींच्या ध्यानात आले की भर दुपारी तापलेल्या वाळूवर किडा गोळ्यावर जास्त वेळा चढतो. ओलावा उडत असल्याने गोळा थंड असतो, आणि चढल्यावर किडा पुढचे पाय तोंडाशी नेऊन ओले करतो. संशय पक्का करण्यासाठी त्यांनी किड्यांना सिलिकॉनचे बूट घातले. बूटवाले कमी वेळा चढले. म्हणजे तो गोळा किड्याचे जेवण आहे, वेधशाळा आहे आणि पाय गार करण्याची जागाही आहे. मुंबईत इतक्या उपयोगांच्या जागेला काय भाव आला असता, हा हिशेब आम्ही करत नाही.

येथे एक विरोधक उठून म्हणेल, की सगळेच शेणकिडे पळत नाहीत, मग तुमच्या सूत्राचे काय? पुरणारे जमिनीत राहतात, त्यांना चोरीचे भय नाही काय? आहे, पण त्यांच्याकडे चोरी होते ती बायकोची. बोगद्यात मादी, बोगद्याच्या तोंडाशी शिंगे रोखून नर, अशी यांची व्यवस्था. ही शिंगे झिजलेली दिसत नाहीत, म्हणून ती शोभेची असावीत असा कयास डार्विन यांनी केला होता. पुढच्या अभ्यासकांनी बोगद्यात डोकावून ती कुस्तीची हत्यारे असल्याचे सिद्ध केले. ऑन्थोफॅगस टॉरस या जातीचा शिंगाळ नर स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट ओझे ओढतो, असे २०१० मध्ये मोजले गेले. सत्तर किलोच्या गृहस्थाला या हिशेबाने ऐंशी टन, म्हणजे प्रवाशांनी भरलेल्या पाचेक एसटी गाड्या ओढाव्या लागतील. मात्र याच जातीत बिनशिंगांचे किरकोळ नरही असतात. ते दाराशी कुस्ती खेळत नाहीत. बाजूने चोरबोगदा खणतात, दरवान बाहेर पाहत असताना आत जाऊन कार्यभाग उरकतात आणि आल्या वाटेने परततात. शिंगांवरचा खर्च वाचल्यामुळे त्यांची वृषणे शरीराच्या मानाने मोठी असतात. निसर्गात बचत कोठे गुंतवली जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

आता आमच्या भूमीकडे. भारतात हेलिओकोप्रिस नावाचे दांडगे शेणकिडे आहेत. हत्तीच्या लिदीवर त्यांची विशेष भक्ती. मादी जमिनीत खोल लिदीचे मोठे गोळे करते, प्रत्येकात एक अंडे घालते आणि बाहेरून मातीचा जाड गिलावा देते. वाळला की गोळा दगडासारखा होतो. इंग्रजांच्या काळात खणताना असे गोळे सापडले, तेव्हा ते जुन्या काळचे दगडी तोफगोळे समजले गेले, आणि एक फोडल्यावर आतून अळी निघाली, अशी हकीकत जुन्या कीटकग्रंथांत दिलेली आहे. गडकिल्ल्यांवर श्रमदानाला जाणाऱ्या आणि सापडेल ती वस्तू इतिहासाला जोडणाऱ्या तरुण मित्रांना आमची सूचना, की तोफगोळा मांडण्यापूर्वी तो कानाशी धरून हलवून पाहावा.

या घराण्याचे भाऊबंद मात्र धड नाहीत, हे सांगितले पाहिजे. उसाची मुळे खाणारी हुमणी आणि कोकणात माडाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा हे दोघे याच कुळातले. गेंड्या भुंग्याची अळी उकिरड्यात वाढते, हुमणीची अळी शेणखताबरोबर शेतात जाते, आणि खतात पांढरी, वाकडी अळी दिसली की बदनाम होतो तो शेणकिडा. खरे तर त्याची पाठीला कुबड असलेली अळी आपल्या गोळ्याबाहेर पडतच नाही. गोळ्याला भोक पडले तर स्वतःच्या विष्ठेने ते लिंपून घेते. सारवणाची कला आपल्या घरांत आली कोठून, याचा तर्क वाचकाने करावा.

शेणकिडा नसेल तर काय होते, याचा प्रयोग एका अख्ख्या खंडावर होऊन गेला आहे. १७८८ मध्ये पहिल्या गोऱ्या वसाहतीबरोबर ऑस्ट्रेलियात गुरे उतरली. तेथले देशी शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांवर वाढलेले. गाईचा पातळ, पसरट पो हा पदार्थच त्यांच्या समजुतीबाहेरचा. एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. ते तसेच वाळून महिनोन्महिने पडून राहू लागले, त्यांखालचे गवत मेले, आसपासचे गुरांनी हुंगून सोडले आणि त्यांत माश्यांची पैदास अशी झाली की तोंडावरून हात फिरवून माश्या हाकलणे हा ऑस्ट्रेलियाचा सलाम ठरला. हंगेरीहून आलेल्या जॉर्ज बोर्नेमिझा यांना १९५० च्या दशकात हे पो पाहून प्रश्न पडला, की माझ्या देशात हे दिसत नाहीत, मग येथेच का? त्यांच्या खटपटीने १९६५ पासून वीस वर्षे सरकारी खर्चाने शेणकिडे आयात झाले, बरेचसे दक्षिण आफ्रिकेतून. गुरांचे रोग बरोबर येऊ नयेत म्हणून अंडी जंतुनाशकाने धुऊन पाठवली जात आणि ऑस्ट्रेलियात माणसांनी हाताने वळलेल्या शेणगोळ्यांत ठेवली जात. शेणगोळे वळण्यासाठी शासकीय वेतन मिळाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. एकूण ४३ जाती सोडल्या, २३ रुजल्या.

आपल्याकडे हा प्रश्न आला नाही, कारण शेणावर किड्याच्या आधी माणूस पोहोचतो. गोवऱ्या, सारवण, गोबर गॅस, शेणखत अशी मागणी असताना पो रस्त्यावर पडून किती वेळ राहणार? किड्याच्या सोळा हजार प्रतिस्पर्ध्यांत पाटी घेतलेली बाई धरलेलीच नव्हती. पडलेले शेण माती घेऊन उठते, अशी म्हण आहे. किडा नेमके उलटे करतो, ते मातीला देऊन टाकतो. जमिनीत गेल्यामुळे त्यातला नत्र हवेत उडत नाही, बिळांतून पाणी मुरते आणि शेणातल्या बियाही खोल जातात. दक्षिण आफ्रिकेतली गवतासारखी एक वनस्पती तर याचा गैरफायदा घेते. तिची बी हरणाच्या लेंडीसारखी दिसते आणि वासालाही तशीच. शेणकिडा ती इमानाने लोटून पुरतो. जन्मभर चोरांना चुकवणारा हा ज्योतिषी शेवटी झाडाकडून गंडवला जातो, हे २०१५ मध्ये उघडकीस आले.

याहून गंभीर फसवणूक आपण करतो. गुरांना जंतासाठी आयव्हरमेक्टिन टोचले की ते औषध बरेचसे शेणातून बाहेर पडते आणि शेणातल्या अळ्यांना मारते. पो दिसायला ताजा, वासाला उत्तम, पण आत विष. डायक्लोफेनॅकने गिधाडे नाहीशी केली, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाड आकाशात होते म्हणून नसणे दिसले तरी. शेणकिडा जमिनीत असतो.

सबब या कामी निकाल असा. लोटणाऱ्या किड्याचे ज्योतिष चौर्यभयजन्य आहे, हा वादीचा मुद्दा शाबीत. शेणावर पहिला हक्क किड्याचा, दुसरा पाटीवालीचा. पशुपालकांनी जंताचे औषध सरसकट न टोचता, ज्या जनावराला गरज असेल त्यालाच पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे, आणि शेणकिड्यांचा मोसम पावसाळ्यात असल्याने त्या दिवसांत तर हात आखडता घ्यावा. पावसाळ्यात कुरणात पडलेले पो किमान एक रात्र उचलू नयेत. दाव्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावा.